पडझडीची वही

पहिली नोंद भाविकाच्या अक्षरात आहे :
"दिनांक बारा. उडालं नाही."
एवढंच.
न उडणंही लिहून ठेवायचं असतं
हे आम्हाला मागाहून कळलं.

पाच जणांची टीम, साडेचार हजार रुपये.
आधीच्या टीमने मागे ठेवलेलं :
एक वाकलेली फ्रेम, डबाभर स्क्रू,
टेबलावर ताटाएवढा काळा डाग
आणि त्याच्या वर, भिंतीवर, मार्करने :
'बॅटरी चार्जिंगला लावून घरी जाऊ नये.'

सुफियान लॅमिंग्टन रोडवरून चार मोटर घेऊन आला
भज्यांसारख्या, वर्तमानपत्रात बांधून.
दुकानदाराने विचारलं म्हणे, लग्नाच्या शूटिंगला?
नाही, स्पर्धेला.
मग पाचवी पण न्या, तो म्हणाला,
स्पर्धावाले आठवड्यात परत येतात.
(सहाव्या दिवशी गेलो.)

मोटर आल्या, पण आकाश मिळेना.
नकाशात आमचं कॉलेज लाल,
मागचं मैदान लाल, त्यापलीकडची खाडीसुद्धा लाल.
इकडे विमानतळ, तिकडे रिफायनरी.
ज्या चेंबूरमध्ये माणसं
तिसाव्या मजल्यावर भाजी निवडत बसतात
तिथे आम्हाला दोन हात वर जायची परवानगी नाही.

केळसकर मॅडम म्हणाल्या, छताखाली उडवा.
बॅडमिंटनचा हॉल, रात्री आठनंतर.
काचा फुटल्या तर तुमच्या नावावर.

म्हणजे जाळं हवं. दुकानात अकरा हजार.
भाविका काही बोलली नाही.
दुसऱ्या संध्याकाळी ती ट्रॉम्बे कोळीवाड्यातून आली,
रिक्षात हिरव्या जाळ्याचा डोंगर,
आणि डोंगराच्या कडेला कशीबशी बसलेली
तिची चांगुणाआत्या, कमरेला जाळं विणायची सुई खोचून.
हॉलभर सुक्या बोंबलाचा वास.
बॅडमिंटनवाले दोन दिवस फिरकले नाहीत.

"एकोणीस. उठता उठता उलटं झालं.
कारण : डावीकडचं मागचं पातं उलट बसवलेलं.
कोणी : मी."
हे अक्षर माझं.

"एकवीस. जाळ्यात."
"एकवीस, रात्री. पुन्हा जाळ्यात. एक पाय गेला."
आत्या स्टुलावर चढली,
शेवंड सोडवावी तशी
एकेक पातं दोऱ्यातून मोकळं करत
म्हणाली, यो कनचा मावरा गो?
खायचा नाय, विकायचा नाय,
नि रोज गावतंय.

नियमात वजन दोन किलो.
आईच्या केकच्या काट्यावर
आमचं भरलं दोन किलो अडतीस ग्रॅम.
मग सुरू झाली कापाकापी :
पट्ट्यांची शेपटं, वायरींची जास्तीची लांबी,
रेनिताने हौसेने लावलेले दोन दिवे.
शेवटी कॉलेजच्या नावाचा स्टिकर काढला.
चार ग्रॅम होता.
प्राचार्यांना अजून सांगितलेलं नाही.

सत्तावीस तारखेला ओजसने
थ्रॉटल असा सरकवला
जसा झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढतात.
ते उठलं.
डुललं नाही, कलंडलं नाही,
सर्व्हिसच्या रेषेवर, छातीएवढ्या उंचीवर
नुसतं थांबलं.
कोणी ओरडलं नाही. सुफियान आकडे मोजायचं विसरला.
पात्यांच्या वाऱ्याने जाळं जरासं आत ओढलं जात होतं
आणि वहीची पानं आपोआप उलटत होती.
आत्या म्हणाली, आता उतरव गो त्याला, दमलं आसंल.

वहीला तीनच रकाने :
तारीख, कारण, नुकसान.
चार सेकंद कुठे लिहायचे ते समजेना.
कारणाखाली रेघ मारली.
नुकसानाखाली लिहिलं, नाही.

मग पाचवा सेकंद आला.
त्याची नोंद पुढच्या पानावर आहे.