थंड पाणी

रक्ताला गरम पाणी चालत नाही.
गरम पाण्यात ते कापडातच शिजतं, मग जन्मभर निघत नाही.
थंड पाणी, मूठभर मीठ, अंगठ्यानं धीरानं चोळायचं.
एकतीस वर्षं मी पुएर्तो विएहो क्लबच्या पोरांचे शर्ट धुते.
गुडघ्याचं रक्त, नाकाचं रक्त,
बुटाचा खिळा लागला त्याचं.

शनिवारी पहाटे पिशवी आली
ती मैदानावरची नव्हती.
पांढरा शर्ट, इटलीचं लेबल, कॉलरला अत्तर,
आणि छातीवर ते.
स्वतःचं रक्त ओघळतं.
दुसऱ्याचं उडतं.
सेक्रेटरी दारातच थांबला.
'मौरोचा आहे. बाकीच्यांत टाक, नेलिदा.'
माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत बोलला.

मी थंड पाण्याचा नळ सोडला.

सातच्या रेडिओवर सांगितलं:
नदीकाठच्या बारमध्ये बाचाबाची,
एक वेटर जखमी, एक खेळाडू उपस्थित.
उपस्थित! शाळेतली हजेरी घेतल्यासारखं.
विल्मार बिल घेऊन गेला होता.
पडला तेव्हा बिलाची बशी म्हणे हातातच होती, फुटली नाही.
डावा डोळा मात्र मॉन्टेव्हिडिओच्या डॉक्टरांनाही वाचवता आला नाही.

पुढच्या रविवारी स्टँडमधून शिट्ट्या.
कुणी चादरीवर 'लाज' लिहून आणलं होतं.
आमच्या स्पॅनिशमध्ये तो शब्द लांब आहे,
चादर पुरली नाही,
शेवटची दोन अक्षरं काठावर चेंगरली.
तेरा मिनिटं शिट्ट्या चालल्या.
चौदाव्याला मौरोनं चेंडू छातीवर घेतला,
झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवावं तसा पायाशी आणला,
आणि गोल.
चादर धरलेले हात वर गेले.
चादर खाली पडली.
माझेही गेले हात. खोटं कशाला बोलू.

मग आठवडाभर गाव बोलत राहिलं.
न्हावी म्हणाला, 'पोरं आहेत, रक्त गरम असतं.'
औषधवाली म्हणाली, 'रात्री दोनला वेटरनं तरी उलट बोलावं का?'
एका मास्तरणीनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं,
तिच्या सायकलची दोन्ही चाकं कुणीतरी कापली.
गल्लीतली पोरं तो बारचा खेळ खेळतात.
मौरो व्हायला भांडणं,
विल्मार व्हायला कुणी तयार नाही,
शेवटी एका भटक्या कुत्र्याला विल्मार केलं.

विल्मारची आई, ओफेलिया,
उत्तरेच्या फाटकाशी तळलेल्या तोर्ता विकते.
पोलिसांत तक्रार केल्यापासून
कुणी तिला शिवी दिली नाही, काही नाही,
फक्त रांग वळली,
दहा पावलांवरच्या दुसऱ्या गाडीकडे.
तिची कढई तापलेली. तोर्ता फुगतात, निवतात, दबतात.
मी दोन घेतल्या.
सुटे पैसे देताना तिनं माझे हात पाहिले.
'फाटलेत गं. मीठ बेतानं वापर.'
एवढंच.
तोर्ता घशाखाली जाईना, नदीत टाकल्या.

काल टीव्हीवर मौरोनं माफी मागितली.
कागद बघून, नीट, पूर्णविरामांवर थांबत थांबत.
'त्या रात्री जे घडलं' असं म्हणाला.
कोणी घडवलं ते कागदावर नसावं.
दुकानात टीव्हीपुढे उभे होते त्यातले दोघे रडले.
एक म्हणाला, 'बघ, किती साधा आहे.'
मी त्याचा चेहरा बघत नव्हते.
शर्ट ओळखीचा होता.
बाहीवरची धार, कॉलरची टोकं, इस्त्री माझी.

दिसत काहीच नाही. काम चोख आहे.
पण एकतीस वर्षांत एक कळलंय:
कापड सोडतं, दोरा सोडत नाही.
वरून तिसरं बटण.
त्याच्या पाठीमागे चार छिद्रांतून ओवलेला दोरा
तपकिरी आहे अजून.
हे फक्त मला माहीत आहे.

सरकारी वकील बाई मंगळवारी येणार आहेत,
पावत्यांची वही बघायला.
सेक्रेटरी सांगून गेला, 'तुला काही आठवत नाही, बरं का.'
आज सोमवार.
नळ चालू आहे. हात पाण्यात आहेत.