चहाच्या पेल्याएवढं

डॉक्टरांनी कागदावर केळ्यासारखं काहीतरी काढलं
आणि म्हणाले, आता एवढंच उरलंय.
नेजमी उस्तानं त्या कागदाची घडी घातली
आणि पिस्त्याच्या उधारीच्या वहीत ठेवली.

पहिला आठवडा पाण्याचा, आणि पाण्यासारख्याचा.
मेंढीच्या नळ्या मी चार तास उकळल्या,
वरची चरबी काढली, मलमलीतून गाळलं.
तीच मलमल, जिच्यातून तो चाळीस वर्षं
बकलाव्याचं तूप गाळत आला.
कमरेत बारीक असलेला आपला चहाचा पेला,
त्यात अर्धं. अर्ध्या तासात.
घोट घे, थांब.
घोट घे, थांब.
मी घड्याळाकडे बघायची, तो माझ्याकडे.

भूक लागत नाही गं, म्हणायचा,
तोंडालाच आठवण येते.

दुसऱ्या आठवड्यात दूध, पातळ दही,
मसुरीचं सूप, गाळून, मिरचीशिवाय.
आंतेपमध्ये मिरचीशिवायचं सूप
एकतर आजाऱ्याला देतात, नाहीतर परक्याला.
त्यानं ते परक्यासारखं घेतलं,
फार सभ्यपणे.
प्रथिनांची पावडर मात्र त्यानं चुना म्हणूनच प्यायली.

आणि तिसऱ्या आठवड्यात बायराम.
नणंद मुकद्देस पातेलं कडेवर घेऊन आली:
युवालामा, हरभऱ्याएवढ्या गोळ्या,
सात बायकांनी रात्रभर बसून वळलेल्या.
दवाखान्यातल्या तुलायबाईंची यादी मी वाचून दाखवली:
सगळं वाटलेलं, साईसारखं मऊ, चार चमचे.
मुकद्देस म्हणाली, एक गोळी म्हणजे काय जेवण आहे?
त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि खाल्ली.
चावली नसावी नीट.
मग छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखा
तो मोरीत ओणवा, मी त्याच्या पाठीवर हात ठेवून,
आणि बाहेर मुकद्देस रडतेय,
माझ्या हातचं त्याला नकोसं झालं.

माया पोटात असते म्हणतात.
टीचभर पोटात ती मावायची कशी,
हे कुठल्याच यादीत नव्हतं.

चौथ्यात काबुली चणे, साल काढून, वाटून.
भोपळा. कोंबडीचं मांस, दोनदा यंत्रातून.
जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही,
म्हणून जेवण इतकं शांत झालं
की शेजारच्यांचे चमचे ऐकू येत.

मी काय खात होते?
मी स्वयंपाकघरात उभ्यानं खात होते.
ओट्याशी, दाराला पाठ करून, चोरासारखी,
काल रात्रीची रोटी, वांग्याचं भरीत,
वास जाऊ नये म्हणून खिडकी उघडी टाकून.

पाचव्या आठवड्यात तो दुकानात गेला.
एर्जान, शिकाऊ पोरगा, सवयीनं
ताटाच्या कोपऱ्यातला पहिला तुकडा काढून उभा.
रोज सकाळी असे तीन जायचे:
एक चवीला, एक खात्रीला, आणि एक उगाच.
उस्तानं तुकडा परत ठेवायला लावला,
ताटावर वाकून कान लावला, काटा दाबला.
खर्रर्र.
आणखी एकदा.
म्हणाला, वर ठीक आहे, खालचे थर ओले राहिलेत.
एर्जाननं चाखलं, आणि काही बोलला नाही.

त्या संध्याकाळी मी अंडं उकडलं, मऊ.
त्यानं प्रत्येक घास वीस वेळा चावला,
मीही मनात मोजत होते, सतराला चुकले.
अर्ध्यावर थांबला.
एकतीस वर्षांत त्याच्या ताटात
पहिल्यांदाच काही उरलं होतं.
त्यानं ते माझ्याकडे सरकवलं,
मीठ कुठे आहे विचारलं, माझ्यासाठी,
आणि म्हणाला,
फेरिहान, खिडकी लाव. गार वारा येतोय.
आणि उद्यापासून इथे बसून जेवत जा.