उण्याची नोंद

पहाटे चारला भिंतीवरचा पंप गप्प झाला.
त्याच्या घुमण्याची इतकी सवय,
की शांततेनेच मला जाग आली.

काचेवर हिरवी अक्षरं: ई, मग सहा.
लुकलुक, जरा दम, पुन्हा लुकलुक.
चष्मा. माहितीपुस्तिका. पान एकेचाळीस.
त्यात एंडेलने खोचलेली विजेची बिलं,
तो गेला त्या हिवाळ्यापर्यंतची.

ई-सहा: बाहेरचा सेन्सर. तार तुटली किंवा जोड सैल.
वाटाण्याएवढी वस्तू.
गारठा वाढला की तिचा विरोध वाढतो,
आणि तारच तुटली तर विरोधाला अंत नाही.
मग यंत्राला वाटतं, बाहेरच्या थंडीला तळच उरला नाही.
पण इतकी थंडी कुठेच नसते, एवढं त्याला कळतं.
म्हणून ते थांबतं.
म्हणजे पंप तसा धडधाकट.
फक्त बाहेर किती आहे
हे सांगणारं त्याला कुणी उरलेलं नाही.

एकतीस वर्षं ते काम माझं होतं.
हान्याच्या टेकडीवर, झडपांची पांढरी पेटी,
दर तीन तासांनी कंदील घेऊन.
श्वास रोखायचा, नाहीतर पारा आपल्याच उबेनं चढतो.
आधी दशांश वाचायचा, मग अंश.
जन्मभर उणे लिहीत आले,
दुणं कुणाचं काढलं नाही.

खालच्या खोलीत चूल पेटवली. बर्चची लाकडं पुरेशी आहेत.
कोट चढवून बाहेर गेले, जाळीवरचा बर्फ हातानं झाडला.
सुरी लावली नाही. एंडेलने एकदा लावली होती,
त्या वाकलेल्या पात्या अजून तशाच आहेत.
मेन स्विच खाली. घड्याळ लावून दहा मिनिटं.
वर.
पंखा फिरला, मी चहाचं पाणी ठेवलं,
आणि पाण्याला आधण यायच्या आत: ई-सहा.

पुस्तिका म्हणते, एकदाच करून पाहा.
झाकणाला चारच स्क्रू आहेत.
पेचकस खणात आहे. हात तिकडे गेलाही.
पण वीज तोडली तरी आत थोडी दबा धरून असते,
आणि नळ्यांतला वायू कुणाची ओळख ठेवत नाही.
खण बंद केला.

आठला फोन केला. तावो नावाचा मुलगा.
कोड काय? कधीपासून? बंद करून चालू केलंत?
जळका वास? नाही ना?
बाहेर किती आहे? फोनवर दिसेल बघा.
मी म्हटलं, उणे चोवीस पूर्णांक सहा. मी जाऊन पाहिलंय.
तो क्षणभर काही बोलला नाही.
मग म्हणाला, सुटा भाग तार्तूहून येईल, गुरुवारी येतो.
तोवर उघडू नका.

आज मंगळवार.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही, कुणालाच नाही.
फेब्रुवारीतली एक रात्र, लेलो दीड वर्षांची,
तिचा घसा करवतीसारखा वाजत होता.
तीनच्या नोंदीला मी गेलेच नाही.
सकाळी बाराचा आणि सहाचा आकडा पाहून
मधला लिहिला: उणे एकोणीस पूर्णांक चार.
सुबक अक्षरात.
कुठल्याशा कपाटात तो अजून असेल,
खऱ्यांच्या रांगेत, खऱ्यासारखाच.
त्याच्यावर कसलाही दिवा लुकलुकत नाही.

जुनी वही काढली आहे. रकाने आखले.
बारा: उणे पंधरा पूर्णांक दोन.
तीन, सहा, नऊ.
रात्री बारालाही गेले. चांदणं होतं, नाक बधिर झालं.
मग चुलीपाशी बसल्या बसल्या डोळा लागला
तो थेट सहाला उघडला.

पेन्सिलीला टोक केलं.
मधला आकडा मला सहज सांगता आला असता,
टेकडी माझ्या हाडांत आहे.

तीनच्या रकान्यात लिहिलं:
नोंद नाही.