मधाच्या बाजूने

किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलीय, यामिनी.
मांजर कपाटावर असेल.
हाक मारलीस आणि आली नाही
तर त्यात तुझा अपमान नाही.
एक डोळा निळा, एक मधाचा,
निळ्या बाजूचा कान जन्मापासून बंद.
मधाच्या बाजूने ये,
नाहीतर लादीवर टाच आपट, दोनदा.
तीच तिची बेल.

लौकिकने आणली ही. माझा बोटीवरचा भाचा.
म्हणाला, मावशी, थेट बँकॉकची,
राजवाड्यात पाळायचे असली. खाओ मणी.
मी ऐकलं, खाऊ.
मणी म्हणजे आपलाच मणी, तो म्हणाला, पांढरं रत्न.
सोबत कागद, सोनेरी शिक्का,
चार पिढ्यांची वंशावळ.
आमच्यात पणजोबांच्या पलीकडे कुणाला नावं येत नाहीत.
मी तो कागद लॅमिनेट करून घेतला.

परळच्या दवाखान्यात डॉक्टर गद्र्यांनी
आधी कागद वाचला, मग मांजर,
चष्मा कपाळावर ढकलला:
राजवाड्याचं मला ठाऊक नाही, बाई,
पण शिक्क्यावर बँकॉकचं स्पेलिंग चुकलंय.
भाऊच्या धक्क्यावरची असेल.
मग तिच्या पाठीमागे चुटकी वाजवली,
उजवीकडे. कान वळला.
डावीकडे
शेपटीचं टोकसुद्धा नाही.
जात कुठलीही असो, म्हणाले,
पांढरी आहे ना? मग हे सगळं लागू.
आणि पावतीच्या पाठीवर लिहून दिलं.

पावती फ्रिजवर आहे. अक्षर लागणार नाही, म्हणून सांगते.
दहा ते चार गॅलरीत सोडायची नाही.
कानांची टोकं उन्हाने आधी गुलाबी होतात, मग खपली धरते,
खपली हटली नाही तर वाट बघू नकोस, दवाखाना गाठ.
आपल्यासारखं रापणं तिला जमत नाही.
जाळी रोज हाताने ओढून बघ
(सोसायटीला सांगितलंय, कबुतरांसाठी आहे).
झोपलेली असेल तर एकदम हात लावू नकोस,
आधी गादी दाब,
तुझं वजन तिच्यापर्यंत पोचू दे.
बोंबील उकडून, मीठ न घालता.
रात्री अडीचच्या सुमाराला ओरडते.
फार मोठ्याने. आपला आवाज किती
ते तिला पुरतं कळत नाही.
वरचे पागधरे येतील तक्रार घेऊन. येऊ देत.

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंज,
हेडफोन डाव्या कानाला.
बोला, मस्कत लागलंय.
बोला, रत्नागिरी, तीन मिनिटं झाली.
कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत,
सगळं त्या एका कानातून गेलं
आणि जाताना कान घेऊन गेलं.
घरचे म्हणायचे, किती ओरडतेस.
मी ओरडत नव्हते.
लाइन लागली का, एवढंच बघत होते.

लौकिकला शिक्क्याचं बोलले नाही. तूही बोलू नकोस.
डर्बनहून, कुठकुठून फोन करतो,
राजकन्या काय म्हणते?
मी रिसीव्हर उजवीकडे घेते,
म्हणते, राजकन्या बोंबील मागते.
तो हसतो. समुद्रावर माणसाला
हसायला काहीतरी लागतं.
किती पैसे मोजले त्याने, मी विचारलं नाही.

माझं ऑपरेशन गुरुवारी.
चौदा दिवस म्हणतात.
दाणे मी महिन्याचे भरून ठेवलेत, उगाच.
तो लॅमिनेट केलेला कागद तिच्या ताटलीखाली आहे,
पाणी सांडलं तर फडक्याने पुस,
शिक्का जात नाही.

आणि नाव.
कागदावर काहीतरी लांबलचक आहे.
मी नुसतं अगं म्हणते.
येते.
मधाच्या बाजूने म्हण.