पुसलेला अंक

हर्णै बंदर,
शके १७८०, आश्विन शुद्ध दशमी

कृ. सा. न. वि. वि.
आपलं पत्र पतेमारीतून काल पोचलं,
नारळांच्या गोणीखाली भिजून, मिठाने पांढरं.
सर्वपित्रीच्या सांजेचं माप तेवढं फुटलंय:
स्वातीपासून शेंडेनक्षत्र
एक अंश, की नऊ?
१ आणि ९, ओल लागली की सख्खे भाऊ.

आमच्याकडे त्या सांजेला
सुवर्णदुर्गापासून पार आभाळभर ढग.
धाकू तांडेल मात्र खोल दर्यात होता.
विचारलं, तर त्याने हात लांब केला, मूठ वळली,
एक डोळा मिटून पुन्हा बघितलं
नसलेल्या ताऱ्याकडे.
"एवढं. जरा कमीच."

जकातीच्या वहीत, मागल्या पानावर
नऊ मांडलेत.
पुढे साक्षीदार म्हणून त्याचं नाव लिहायला घेतलं,
तर माझा हात धरून विचारतो,
याच्यावर काही भरावं लागंल काय?