कोठा

रात्री जवाच्या कोठ्याचं झाकण
आइविंदच्या हातून उघडं राहिलं
आणि डोक्का, म्हणजे बाहुली,
दुसऱ्या वेताची, बोर्गहिल्डच्या गोठ्यातली सर्वांत दुधाळ,
दावं सोडवून पहाटेपर्यंत खात राहिली.

एक कोठा रिकामा झाला,
दुसरा बंद पडला.

सकाळी ती भिंतीला कपाळ टेकून उभी.
गवत नाही, पाला नाही,
नुसते दात खात होती.
लेंड्यांच्या जागी आंबलेली पेज.
बोर्गहिल्डनं तिच्या डाव्या कुशीत मूठ रोवली
आणि घड्याळाकडे पाहिलं.
निरोगी पोटात मिनिटाला एक तरी लाट येते,
फ्योर्डमधून बोट निघून गेल्यावर
किनाऱ्याला उशिरा पोचते तशी.
तीन मिनिटं. चार.
मुठीखाली नुसतं पाणी डुचमळलं.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली, वाऱ्यानं फेरी बंद आहे.
खाण्याचा सोडा पाज, जव नजरेलाही पडू देऊ नकोस.
आणि आहे का कुणी म्हातारी,
निवांत रवंथ करणारी?

होती. लितागो.
अकरा वर्षांची, आटलेली,
खाटकाच्या यादीत पहिलं नाव.
तरण्यांच्या धक्काबुक्कीत खुराकापर्यंत पोचायचीच नाही;
तळाचं जाडंभरडं गवत
आणि माळ्यावर विसरलेल्या बर्चच्या पाल्याच्या जुड्या,
यांवर जगत आलेली.
तसल्या जुड्या बांधणं बोर्गहिल्डनं कधीच सोडलं होतं.
पोत्यातला खुराक सोपा, संध्याकाळी बादलीत दिसतो.
दुधावरची साय पातळ झाली
तेव्हा तिला वाटलं, थंडीचं असेल.

आता ती लितागोपुढे गुडघे टेकून बसली.
घास गळ्यातून वर सरकताना दिसतो,
कातडीखालून उंदीर पळावा तसा.
जबड्याच्या कोपऱ्यातून बोटं घालून
तिनं तो चोरला.
म्हातारीनं एकदा पाहिलं,
दुसरा वर आणला.
तोही चोरला.
सात घास.

कोमट पाण्यात कालवून बाटलीनं पाजले.
त्या हिरव्या गढूळात किती कोटी होते, कोण मोजणार?
डोळे नाहीत, दात नाहीत,
तरी काडीन् काडी उसवणारे.
ते नसतील तर शेळी म्हणजे
गवत भरलेली पिशवी.
आपल्याला वाटतं आपण शेळीला चारतो.
चारतो त्यांना.
त्यांच्या उष्ट्यावर ती,
तिच्या उष्ट्यावर आपण.

आइविंद दारात, टोपी हातात.
बोर्गहिल्ड काही बोलली नाही,
पोटात घातलं.
घातलेलं पचायला मात्र तिलाही वेळ लागला;
दोन दिवस दावणीपुरतंच बोलली.

तिसऱ्या दुपारी डोक्का ढेकरली.
त्या वासाला गोठ्यात कुणी नाक मुरडलं नाही.
मग कान सैल सोडून, डोळे अर्धे मिटून
तिनं काहीतरी वर आणलं, चघळू लागली:
थोडं तिचं, थोडं लितागोचं.

आता आधी गवत, मग जव,
आणि जव वाढवायचे ते मुठीनं नाही, चिमटीनं.
जूनमध्ये आइविंद शिडी घेऊन बर्चवर चढला.

त्याच सुमारास कधीतरी
बोर्गहिल्डच्या खिशातून डोकावणारी यादी
लितागोनं हळूच ओढली
आणि चावायला घेतली.
बोर्गहिल्डनं हात पुढे केला, तसाच ठेवला.
कागद म्हणजे तरी काय, लाकूडच.
पचेल.