दर पंधरा मिनिटांनी

लिहून घेऊ नकोस, येसेनिया, नुसतं बघ.
माप मी सांगेन, पण माझी वाटी
एकोणीसशे एकाहत्तरची, कान तुटलेली,
तिच्यात किती मावतं ते तिलाच ठाऊक.

प्रेट्झेल तू आणलेस तेच घे,
तुटके, फॅक्टरीच्या मागच्या दाराचे.
त्याच पट्ट्यावर मी एकतीस वर्षं उभी होते.
तुटका दिसला की उचलायचा,
एवढंच काम.
झोपेतही बोटं चालायची.
एल्वुड म्हणायचा, पांघरुणावरचं काय वेचतेस गं?
आता तिथे तू उभी असतेस.
टाच दुखते ना? डावी?
माझीही डावीच.

बटर वितळू दे, करपू देऊ नकोस.
त्यात हा काळा आंबट सॉस,
ज्याचं नाव ना तुला धड घेता येतं ना मला.
लसणाची पूड, कांद्याची पूड,
आणि तिखट तू घाल, तुझ्या हाताने.
अजून. घाल गं.
आमच्या चर्चमधल्या बायका मिऱ्यालाही घाबरतात,
त्यांचा डबा वेगळा करू.

शेंगदाणे. पेकान.
काजू शेवटी.
थांब, काजूचं सांगते, आधी हे आत जाऊ दे.

ओव्हन मंद. अगदी मंद, तासभर,
आणि दर पंधरा मिनिटांनी
उलथनं घालून तळातलं वर.
विसरलीस तर कडा काळ्या आणि मधे ओलं.
घड्याळ लाव. ते नव्हे, ते कोंबडीचं.
हो, तेच. मान पिरगाळायची तिची.

पहिल्या पंधरात भांडी होतात.
दुसऱ्यात काहीच होत नाही.
खिडकीतून दिसतो तो डोंगरावरचा जपानी मनोरा,
लाल दिवे लावून बसलेला.
इथे पेनसिल्व्हेनियात त्याचं काय काम,
मला कधी कळलं नाही.
तूही आलीस तेव्हा तेच म्हणालीस,
बसमधून उतरल्या उतरल्या.

तर, काजू.

एल्वुड काजू वेचून खायचा.
नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाताना डबा न्यायचा.
हरीण एकदाही आणलं नाही,
डबा आणायचा, बिनकाजूचा.
मी ओरडायचे, बाकीच्यांनी काय माती खायची?
एका वर्षी मुद्दाम तळाशी घातले,
तर पठ्ठ्याने अख्खा डबा टेबलावर पालथा केला
आणि कोंबडा उकिरडा उकरतो तसा उकरत बसला,
चष्मा कपाळावर.
आमचा थोरला लग्न झाल्यावर मला म्हणाला,
आई, ह्यात काजू असतात?

गेल्या वर्षी केलं, नेहमीसारखं,
नेहमीइतकंच.
जानेवारीत डबा हलका लागला म्हणून उघडला
तर खाली नुसते काजू.
पिवळे, वाकडे, सगळेच्या सगळे.
कुणी हात लावला नव्हता.
सवयच नव्हती ना कुणाला.

मी एक खाल्ला.
मला नाही आवडत. मऊ लागतात.
चव येते न येते तोच संपतात.
झाकण लावलं.
मग परत उघडून तसाच ठेवला डबा दोन दिवस,
कशाला, ते विचारू नकोस.

अगं, ऊठ! वास येतोय!
कोंबडी वाजलीच नाही की मी ऐकलं नाही?
ही तिसरी की चौथी?
आण इकडे उलथनं.
हं. ही एक कड गेली.
असू दे, करपलेलं मी खाते,
करपलेल्यात बटर जास्त मुरतं.

आता वर्तमानपत्र पसर, त्यावर ओत,
निवेपर्यंत झाकण लावायचं नाही,
नाहीतर घाम सुटतो आणि सगळं चामट.

आणि तुझ्या पोराकडे बघ जरा.
कधीचा टेबलाखाली बसलाय गुपचूप,
प्रेट्झेलवरचं मीठ चाटतोय
आणि चाटून झालं की परत पिशवीत ठेवतोय,
नीट, ओळीने.
रागावू नकोस.
प्रत्येक घराच्या डब्याला असा एक लागलेला असतो.
ते चाटलेले माझ्या ताटलीत काढ.
बिनमिठाचं खा म्हणून
डॉक्टर कधीचा सांगतोय.